कामगारांची गृहनिर्माण संस्था आणि आवास योजनेचे अनुदान: सभासद यादीपासून ताब्यापर्यंत

सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर फेडरेशनची ३०,००० घरांची वसाहत आहे. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, शिलाईवाले, रिक्षाचालक, कचरावेचक असे तिचे सभासद. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प बिल्डरचा नव्हे, सभासदांच्या संस्थांचा. ९ जानेवारी २०१९ ला भूमिपूजन झाले आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५,००० घरे लोकांच्या हाती आली. त्याआधी याच कुंभारीत विडी कामगारांची १०,००० घरे २००६ मध्ये पूर्ण झाली होती, म्हणजे मंडळी अनुभवी होती. तरीही पहिल्या निम्म्या घरांना पाच वर्षे लागली.

भूमिपूजनाच्या वेळी जाहीर झालेला प्रकल्प खर्च १,८११.३३ कोटी रुपये आणि केंद्र-राज्य मिळून मदत ७५० कोटी. साधा भागाकार केला तर घरामागे खर्च सहा लाख चार हजार आणि अनुदान अडीच लाख. उरलेले साडेतीन लाख कुठून आणायचे, हा प्रश्न सभासदाचा आणि संस्थेचा. असा प्रकल्प करू पाहणाऱ्या संस्थांची बहुतेक शक्ती अनुदान मंजूर करून घेण्यात खर्च होते. प्रत्यक्षात गाडी अडते ती उरलेल्या रकमेवर, सदोष सभासद यादीवर आणि कुंपणाबाहेरच्या पाण्या-रस्त्यावर. म्हणून पुढचा क्रम अर्जाच्या नमुन्यापासून नव्हे, या तीन गोष्टींपासून लावला आहे.

योजना नेमकी काय देते

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा, २.०, सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. संस्थेच्या कामाचा घटक म्हणजे ‘भागीदारीतून परवडणारी घरे’. महाराष्ट्रात या घटकाखाली आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळतात. दुर्बल म्हणजे २.० मध्ये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत. घराचे चटई क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे ३२३ ते ४८४ चौरस फूट. नव्या बांधकाम तंत्राने बांधल्यास चौरस मीटरला १,००० रुपये जादा मिळतात, पण तेही ३० चौरस मीटरपर्यंतच. म्हणजे घरामागे जास्तीत जास्त ३०,०००. फक्त या तीस हजारांसाठी ठेकेदाराला अनोळखी तंत्र घ्यायला लावू नये. अशा तंत्राचा साचा आणि यंत्रे शेकडो घरांवर वाटली गेली तरच परवडतात.

एक गोष्ट सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगावी: एका कुटुंबाला योजनेच्या एकाच घटकाचा लाभ मिळतो. गृहकर्जावरच्या व्याजाचे अनुदान हा वेगळा घटक आहे (२.० मध्ये कमाल १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत). ‘अडीच लाखही मिळतील आणि व्याजाची सूटही’ असे कोणी सभेत बोलून गेले, तर दोन वर्षांनी त्याचा जाब संस्थेलाच द्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानातून ना-नफा संस्था घरे बांधतात, त्यांची मालकी स्वतःकडे ठेवतात आणि कमी भाड्याने देतात. आपल्याकडच्या या घटकात रहिवासी मालक होतो. त्यामुळे संस्थेकडे पुढे भाड्याचे उत्पन्न येत नाही आणि कर्ज संस्थेच्या नव्हे, सभासदाच्या डोक्यावर बसते. पुढचे सगळे हिशेब या एका फरकामुळे बदलतात.

संस्थेची बांधणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी होते. आधी मुख्य प्रवर्तकाच्या (संस्था उभी करणाऱ्यांच्या प्रमुखाच्या) नावाने नाव आरक्षण आणि बँक खाते उघडण्याची परवानगी, मग उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे नोंदणीचा प्रस्ताव. मोठ्या वसाहतीत एकच अवाढव्य संस्था करू नये. दोनेकशे सभासदांच्या वेगवेगळ्या संस्था आणि त्यांचा एक संघ ही रचना चालते. संघाच्या नोंदणीसाठी किमान पाच संस्था सभासद असाव्या लागतात. जमीन, ठेका, सरकारी पत्रव्यवहार संघाकडे. सभासदांची वर्गणी, कागदपत्रे आणि पुढची देखभाल प्राथमिक संस्थेकडे.

उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम) मंजूर करून घेतानाच कर्ज आणि ठेवी स्वीकारण्याची मर्यादा पाहून घ्यावी. छापील नमुना तसाच भरला तर ती प्रकल्पाच्या मानाने फार लहान राहते आणि ऐन बांधकामात उपविधी दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

सभासद यादी: इथे घाई नको

अनुदान घरांच्या संख्येवर दिसते, पण मिळते पात्र कुटुंबांवर. दहा सभासद अपात्र ठरले तर पंचवीस लाख गेले. अपात्र ठरण्याची कारणे ठरलेली आहेत:

- कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर असणे. गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर चार भावांची नावे असतात आणि सभासदाला ते ‘आपले घर’ वाटतच नाही. त्याला ‘घर आहे का?’ असे विचारू नका. ‘गावाकडच्या कोणत्या उताऱ्यावर नाव आहे?’ असे विचारा.
- गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेतून घराचा लाभ घेतलेला असणे. झोपडपट्टी पुनर्वसन, इंदिरा आवास, कामगार कल्याणाची घरकुले, सगळे यात येते.
- नवरा आणि बायको दोघांचे वेगवेगळे अर्ज. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. विडी कारखान्यात ती नोंदलेली आणि रिक्षा संघटनेत तो, असे असले की एकाच घरातून दोन अर्ज हमखास येतात.
- आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुकात नावाची तीन रूपे. लग्नानंतरचे नाव एका कागदावर, माहेरचे दुसऱ्यावर. ही चूक किरकोळ दिसते, पण पोर्टलवरच्या पडताळणीत अर्ज तिथेच थांबतो.

पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक कुटुंबाची एक फाईल: आधार (घरातल्या सगळ्यांचे), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पक्के घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र, बँक पासबुकाची पहिली पाने, विडी कामगार किंवा बांधकाम कामगार असल्यास ओळखपत्र. फाईल पूर्ण झाल्याशिवाय यादीत क्रमांक देऊ नये. घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे असावे लागते, म्हणून सभासदत्वही पहिल्यापासून तसेच घ्यावे. पुरुषाच्या एकट्याच्या नावे संस्थेचे भाग (शेअर) दिले की पुढे भाग हस्तांतर, नवा ठराव आणि कर्ज प्रकरणाची नवी कागदपत्रे हे सगळे ओघाने आले.

मंजूर घरांपेक्षा १५ टक्के जास्त कुटुंबे प्रतीक्षा यादीत असू द्या. पाच वर्षांत माणसे गाव सोडतात, मरतात, दुसरीकडे घर घेतात. ऐनवेळी बदली सभासद शोधायला लागलो की शिफारशी सुरू होतात. आणि वर्गणी एक रुपयाही रोख घेऊ नये. बँक खात्यात भरणा, छापील पावती, दर तिमाहीला भरण्याची यादी कार्यालयाबाहेर चिकटवणे. अशा संस्थांविरुद्ध होणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा रोख वर्गणीत असते.

जमीन

कमी किमतीला भुलून जमीन घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. एक, जमीन योजनेत समाविष्ट शहराच्या किंवा त्याच्या अधिसूचित नियोजन क्षेत्राच्या आत आहे का. दोन, विकास आराखड्यात ती कोणत्या विभागात येते. तीन, सातबाऱ्यावर कूळ, इनाम, वतन किंवा भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) अशी नोंद आहे का. चार, पोहोच रस्ता कागदावर आहे की फक्त वहिवाटीने.

गृहनिर्माण संस्था शेतकरी नसते. शेतजमीन घ्यायची तर कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते; निवासी विभागातली जमीन घेतल्यास हा त्रास बहुतांशी टळतो. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नयेत. मोजणीआधी नकाशा काढून घेतला आणि हद्द दोन मीटर सरकली, की कडेची एक इमारत सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळे सोडायच्या अंतरात) बसत नाही. मग अख्खा नकाशा नव्याने काढावा लागतो.

किती जमीन लागेल? ५०० घरे, प्रत्येकी ४५ चौरस मीटर बांधीव क्षेत्र (भिंती-जिन्यांसह) धरले तर २२,५०० चौरस मीटर बांधकाम. चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १ च्या आसपास असेल, तर रस्ते आणि मोकळी जागा धरून सहा एकर किंवा थोडे जास्त. याच आकड्यात एक खड्डा आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत कामाला हात लावता येत नाही, आणि हे महिने बहुतेक वेळापत्रकांत धरलेलेच नसतात.

पाण्याचा हिशेबही जमीन घेण्याआधीच करावा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी मानक आणि घरटी साडेचार माणसे धरली तर ५०० घरांना रोज तीन लाख लिटर पाणी लागते. रे नगरएवढ्या वसाहतीला याच हिशेबाने दिवसाला १ कोटी ८२ लाख लिटर. बोअरवेलवर हे भागत नाही. महापालिकेचे किंवा जीवन प्राधिकरणाचे पाणी देण्याचे लेखी संमतीपत्र हाती नसेल, तर जमीन फुकट मिळाली तरी महाग आहे. अनुदान घरासाठी आहे; मुख्य जलवाहिनी, जोडरस्ता, वीज उपकेंद्र यांची तरतूद स्वतंत्रपणे, राज्य आणि स्थानिक संस्थेकडून करून घ्यावी लागते.

पैशांचा खरा हिशेब

उदाहरणासाठी ५०० घरांचा प्रकल्प घेऊ. बांधीव क्षेत्र घरामागे ४८४ चौरस फूट, बांधकाम फुटाला १,६५० रुपये धरले तर आठ लाख. जमीन ७० हजार, अंतर्गत रस्ते-गटारे-सांडपाणी प्रक्रिया ७० हजार, वास्तुविशारद, शुल्क, व्याज आणि आकस्मिक खर्च ६० हजार. एकूण दहा लाख. प्रकल्प ५० कोटींचा.

केंद्राचे साडेसात कोटी आणि राज्याचे पाच कोटी, मिळून साडेबारा कोटी, म्हणजे २५ टक्के. रे नगरच्या अंदाजपत्रकात हेच प्रमाण ४१ टक्के होते. केंद्राचा दीड लाखाचा आकडा २०१५ मध्ये होता तोच आज आहे. सिमेंट, सळई आणि मजुरी तिथे थांबलेली नाही. त्यामुळे जुन्या प्रकल्पाची नक्कल करून ‘सभासदाला तीन-साडेतीन लाखांत घर’ असे जाहीर करणे आज धोक्याचे आहे.

उरलेले साडेसात लाख सभासदाचे. दीड लाख स्वतःचे आणि सहा लाख कर्ज म्हटले, तर ९ टक्के दराने २० वर्षांसाठी महिना हप्ता सुमारे ५,४०० रुपये. महिना २५,००० कमावणारे कुटुंब, म्हणजे योजनेच्या उत्पन्न मर्यादेच्या टोकावरचे, तो कसाबसा भरेल. बारा हजार कमावणारे भरू शकणार नाही, आणि योजना कागदोपत्री आहे ती त्याच्यासाठी. इथे संस्थेने स्वतःशी खरे बोलावे. मार्ग थोडेच आहेत: सरकारी जमीन नाममात्र दरात मिळवणे, घर ३० चौरस मीटरचेच ठेवणे, उद्वाहन (लिफ्ट) लागणार नाही इतकेच मजले चढवणे, आणि नोंदीत बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाच्या घरकुल मदतीचा स्वतंत्र प्रस्ताव करणे. घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे ठेवले की बांधीव क्षेत्र ४० चौरस मीटरच्या आत बसवता येते. त्याने खर्च उतरतो आणि ५०० घरांचे बांधकाम २०,००० च्या रेषेखाली राहण्याची शक्यताही वाढते.

प्रस्तावाची वाट

संस्था थेट दिल्लीला अर्ज करत नाही. प्रस्ताव अंमलबजावणी यंत्रणेमार्फत, म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा म्हाडामार्फत जातो. राज्यात तांत्रिक छाननी, मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय मंजुरी व संनियंत्रण समिती, आणि शेवटी केंद्रीय समिती. सविस्तर प्रकल्प अहवालात जमिनीचा हक्क, मंजूर किंवा मंजुरीयोग्य नकाशा, चालू दरसूचीवरचे अंदाजपत्रक, लाभार्थी यादी, निधी कुठून येणार याचा तक्ता आणि पाणी-वीज-रस्त्याची संमतीपत्रे असावीत.

छाननीत प्रस्ताव परत येतो तो सहसा निधीच्या तक्त्यावरून. ‘लाभार्थी हिस्सा: ३७.५ कोटी’ अशी एक ओळ लिहून भागत नाही. किती सभासदांनी किती भरले याचा बँकेचा दाखला आणि कर्जाबाबत बँकेचे तत्त्वतः मान्यतेचे पत्र सोबत जोडावे.

हप्ते आणि बांधकाम

केंद्राचे अनुदान ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येते. दुसरा हप्ता मागायचा तर पहिल्यातला किमान ७० टक्के निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि तेवढी कामाची प्रगती दाखवावी लागते. तिसरा घरे पूर्ण झाल्यावर, पाणी-सांडपाण्याच्या सोयींसह.

आपल्या उदाहरणात केंद्राचा पहिला हप्ता तीन कोटी. राज्यानेही त्याच प्रमाणात दोन कोटी दिले तर हातात पाच कोटी, म्हणजे प्रकल्पाच्या जेमतेम १० टक्के. ठेकेदाराची पहिली दोन बिले त्यात भागतील. म्हणून सभासदांचे दीड-दीड लाख, एकूण साडेसात कोटी, कार्यादेशाआधी खात्यात असावेत. शेवटचा हप्ता म्हणजे दोन्ही सरकारांचे मिळून अडीच कोटी, पण घरे तोवर बांधून झालेली हवीत. ही रक्कम सहा महिने ११ टक्क्यांनी उसनी घ्यावी लागली तर १३ लाख ७५ हजार व्याज. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर ती शेवटी सभासदाच्या माथी बसते.

निधीसाठी वेगळे खाते असावे. ठेकेदाराच्या बिलासोबत मोजमाप पुस्तिका, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ७ आणि २८ दिवसांचे चाचणी अहवाल आणि टप्प्याचे स्थाननोंद असलेले फोटो घेतल्याशिवाय पैसे सोडू नयेत. योजनेत त्रयस्थ तपासणी असतेच, पण ती ठरावीक टप्प्यांवर येते. रोज हजर राहणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या अभियंत्याची जागा ती घेत नाही, तो लागतोच. आणखी एक: सगळ्या ५०० घरांचे जोते एकदम बांधू नये. शंभर-शंभर घरांचे गट पूर्ण करत गेले तर निधी आटला तरी काही कुटुंबे राहायला जातात. सगळीकडे अर्धवट खांब उभे राहिले तर कोणीच जात नाही.

सभासदांचे कर्ज

बँकेची अडचण दुहेरी असते: सभासदाकडे पगारपत्रक नाही आणि बांधकाम सुरू असताना गहाण ठेवायला घर नाही. दुसरीवर उपाय सभासद, संस्था आणि बँक यांचा त्रिपक्षीय करार. बँक कामाच्या टप्प्यानुसार पैसे थेट प्रकल्प खात्यात देते आणि घर झाल्यावर गहाणखत घेते. पहिलीसाठी किमान वर्षभर आधी तयारी लागते: मजुरी बँकेत जमा होणे, बचत गटातल्या परतफेडीची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा उतारा. अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जासाठी पतजोखीम हमी निधी (कर्ज बुडाल्यास बँकेला हमी देणारा) आहे. ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय निर्णयाने त्याचे भांडवल १,००० कोटींवरून ३,००० कोटी झाले. शाखा व्यवस्थापकाला त्याची माहिती असेलच असे धरून चालू नये. विभागीय कार्यालयात जाऊन पूर्ण गटासाठी एकत्र बोलणी करावी. पाचशे जणांनी पाचशे शाखांत अर्ज केले तर दर, शुल्क आणि नकार सगळेच वेगवेगळे मिळतात.

पतअहवाल सर्वांचे आधीच काढावेत. मोबाइलच्या हप्त्याचे किंवा सूक्ष्मवित्त कंपनीचे थकलेले दोन-तीन हजार सहा लाखांचे कर्ज अडवतात, आणि ते मिटवल्याची नोंद अहवालात उमटायला वेळ लागतो.

ताबा आणि पुढे

मजला आणि घर क्रमांक सोडतीनेच द्यावेत. दिव्यांग आणि वृद्ध असलेल्या कुटुंबांची तळमजल्यासाठी वेगळी सोडत आधी. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याशिवाय) चावी देऊ नये, मग उद्घाटनाची तारीख कितीही जवळ असो. पाणी-वीज जोडणी नसलेल्या घरात सामान हलवलेले कुटुंब भाड्याची जुनी खोली सोडून आलेले असते. योजनेतल्या दुर्बल घटकाच्या घराच्या पहिल्या दस्ताला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क १,००० रुपये आहे. ती सवलत हवी असेल तर दस्तात योजनेचा आणि मंजुरीचा उल्लेख स्पष्ट असावा.

देखभालीचा आकडा ताब्याच्या दिवशी नव्हे, वर्गणी घेतानाच सांगावा. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायची रक्कम) ०.२५ टक्के. आठ लाखांच्या बांधकामावर वर्षाला आठ हजार, म्हणजे महिन्याला ६६७ रुपये. पाणीपट्टी, जिन्यातले दिवे, पंपाची वीज आणि सांडपाणी केंद्राचा चालक वेगळा. कर्जाच्या ५,४०० च्या हप्त्याशेजारी ही रक्कम लिहून सभासदाची सही घ्यावी, आणि ज्याला ती झेपत नाही त्याला त्याच बैठकीत भरलेली वर्गणी परत घेऊन प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जागा देण्याची मुभा द्यावी.